‘गेट’ म्हणजे फक्त मिळणे नाही: एका छोट्या इंग्रजी क्रियापदाचा रोजचा वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत ‘गेट, गॉट, गॉट – मिळणे’ असं पाठ केलं. पण ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’, ‘ही गॉट कॉट’, ‘गेट ऑफ द बस’, ‘आय हॅव गॉट टू गो’ या वाक्यांत मिळण्यासारखं काहीच दिसत नाही. मग हा शब्द ओळखायचा कसा, ऑफिसात आणि बाहेर वापरायचा कसा, आणि आपण नेमकं कुठे चुकतो?

आधी एक दिलासा. ‘गेट’ अवघड वाटतो, पण मराठीत याच तोडीचं एक क्रियापद तुम्ही रोज वापरता. नोकरी लागली, भूक लागली, फोन लागला, गाडी लागली (म्हणजे प्रवासात मळमळलं), ठेच लागली, दूध तळाला लागलं, जावं लागलं, रडायला लागली. यातल्या ‘लागणे’चा एकच अर्थ सांगा म्हटलं तर आपणही गप्प बसू. तरी वापरताना कुणी अडखळत नाही, कारण ‘लागणे’च्या आजूबाजूला काय आहे यावरून अर्थ आपोआप उलगडतो. ‘गेट’चंही तसंच आहे. त्याचा अर्थ त्याच्यापाशी कमी आणि त्याच्या पुढच्या शब्दापाशी जास्त असतो.

तरीही सगळ्या वापरांत एक धागा आहे: आधी नव्हतं, आता आहे. ‘आय हॅव अ जॉब’ म्हणजे नोकरी आहे. ‘आय गॉट अ जॉब’ म्हणजे नोकरी लागली. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे दमलोय. ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ म्हणजे दमायला लागलोय. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे. ‘शी गॉट मॅरिड’ म्हणजे तिचं लग्न झालं. असणं सांगायचं तर ‘हॅव’ किंवा ‘बी’, त्या असण्यात शिरणं सांगायचं तर ‘गेट’. पुढचं सगळं याचाच विस्तार आहे.

उच्चाराचा मुद्दा इथेच उरकून घेऊ. देवनागरीत दाराचं ‘गेट’ आणि हे ‘गेट’ एकसारखंच लिहिलं जातं, म्हणून उच्चारही एकच होतो. इंग्रजीत दाराचा ‘ए’ लांब असतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो. आपल्या या क्रियापदाचा ‘ए’ आखूड आणि तुटक आहे, ‘पेन’मधल्या ‘ए’सारखा. अमेरिकन बोलण्यात ‘गेट इट’ जोडून ‘गेडिट’ असं ऐकू येतं आणि ‘गॉट टू’चं ‘गाडा’ होतं. फोनवर हे न कळणं म्हणजे इंग्रजी कच्चं असणं नव्हे. कानाला तेवढी सवय लागायची असते.

आता पुढे काय येतं ते पाहू. पुढे नाम आलं, की बहुतेक वेळा मिळणे, आणणे किंवा विकत घेणे. ‘आय गॉट युअर मेसेज’, निरोप मिळाला. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’, पाणी आणून दे. ‘व्हेअर डिड यू गेट दॅट शर्ट?’, तो शर्ट कुठून घेतलास? इथे ‘ब्रिंग’ आणि ‘गेट’ यांतला फरक कामाचा आहे. ‘ब्रिंग’ म्हणजे जे आहे ते इकडे घेऊन येणे. ‘गेट’ म्हणजे इथून जाऊन, ती वस्तू मिळवून, परत आणणे. साहेब त्यांच्या केबिनमध्ये आहेत आणि फाइल तुमच्या टेबलावर आहे, तर ते फोनवर ‘ब्रिंग द फाइल’ म्हणतील. तुम्ही दोघं एकत्र बसलेले असताना फाइल कपाटातून आणायची असेल, तर ‘कुड यू गेट द फाइल?’

याच गटात काही बारके प्रसंग आहेत जे पुस्तकात क्वचित सापडतात. दाराची बेल वाजली किंवा फोन वाजला की ‘आय विल गेट इट’ म्हणजे ‘मी बघते’. हातात सामान आहे आणि कुणी ‘कॅन यू गेट द डोअर?’ म्हटलं, तर ते ‘दार उघडतोस का?’ असतं. हॉटेलात बिल आल्यावर ‘लेट मी गेट धिस’ म्हणजे ‘मी देतो’. तिथे तुम्ही ‘गेट व्हॉट?’ विचारलंत तर समोरचा पाकीट हातात धरून गोंधळेल. विनोदानंतर ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे ‘कळला नाही’.

आता जिथे सगळ्यात जास्त चुका होतात तिथे येऊ. मराठीत आपल्याला होणाऱ्या असंख्य गोष्टी ‘मला’ने सुरू होतात: मला ताप आला, मला राग आला, मला उशीर झाला, मला अपघात झाला, मला स्वप्न पडलं, मला झोप लागली, मला समजलं. इंग्रजीत बोलताना डोकं या ‘मला’चं ‘आय गॉट’ करून टाकतं. काही वेळा ते जुळतं, काही वेळा नाही, आणि कधी जुळतं याचा नियम सरळ नसल्यामुळे ही वाक्यं एकेक करून पाहणंच बरं.

‘मला ताप आला’ला ‘आय गॉट अ फीव्हर’ चालतं. सर्दी, खोकला, मलेरिया, डोकेदुखी हे सगळं ‘गेट’बरोबर जमतं. ‘मला राग आला’मध्ये मात्र मराठी नाम देते आणि इंग्रजीला विशेषण हवं असतं: ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट अँगर’ नाही. कंटाळा आला म्हणजे ‘आय गॉट बोअर्ड’, भीती वाटली म्हणजे ‘आय गॉट स्केअर्ड’, भूक लागली म्हणजे ‘आय गॉट हंग्री’. ‘बोअर्ड’च्या जागी ‘बोअरिंग’ म्हटलंत तर कंटाळवाणे तुम्ही स्वतः ठरता, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

‘मला उशीर झाला’चं ‘आय गॉट लेट’ आपल्याकडे सर्रास चालतं आणि समजतंही, पण इंग्लंड-अमेरिकेत ते खटकतं. तिथे पोचल्यावर माफी मागताना ‘सॉरी, आय ॲम लेट’, वाटेत असताना ‘आय ॲम रनिंग लेट’, ट्रॅफिकमुळे झालं असेल तर ‘आय गॉट हेल्ड अप’. ‘इट इज गेटिंग लेट’ हे वाक्य शुद्ध आहे, पण तिथे उशीर माणसाला होत नाही, वेळेला होतो. रात्र झाली, आता निघू या, असा त्याचा अर्थ. म्हणजे ‘लेट’बरोबर ‘गेट’ चालतो, पण कर्ता ‘इट’ असला तर. तिथे ‘आय’ आला की वाक्य परकं वाटतं.

‘मला अपघात झाला’ म्हणजे ‘आय हॅड ॲन ॲक्सिडेंट’. ‘मला स्वप्न पडलं’ म्हणजे ‘आय हॅड अ ड्रीम’. ‘तिला मुलगा झाला’ म्हणजे ‘शी हॅड अ बेबी बॉय’. ‘शी गॉट अ बेबी’ म्हटलं की बाळ कुठून तरी आणल्यासारखं वाटतं. या तिन्हींत ‘हॅड’ का, याचं पटेल असं एक कारण नाही. भाषेची रूढी आहे, पाठच करावी. ‘झोप लागली’ म्हणजे ‘आय फेल अस्लीप’. ‘काल रात्री झोपच मिळाली नाही’ असं म्हणायचं असेल तर मात्र ‘आय डिडन्ट गेट एनी स्लीप’ अगदी बरोबर आहे, कारण तिथे झोप ही मिळण्याची वस्तू आहे.

‘मला समजलं की तुमची बदली झाली’ यासाठी आपण ‘आय गॉट टू नो दॅट यू आर ट्रान्सफर्ड’ म्हणतो. बाहेरच्या इंग्रजीत ‘गेट टू नो’ बहुतेक वेळा माणसासाठी, गावासाठी, कामासाठी येतो आणि त्यात सावकाश होत जाणारी ओळख असते: ‘वी गॉट टू नो ईच अदर ऑन द ट्रेन’, गाडीत आमची ओळख झाली. बातमी कळली असेल तर ‘आय हर्ड यू हॅव बीन ट्रान्सफर्ड’. स्वतः शोध घेऊन कळलं असेल तर ‘आय फाउंड आउट’. ‘त्यांचं निधन झालं’चं ‘ही गॉट एक्सपायर्ड’ तर कृपया कुठेच नको. एक्सपायर होतात ती औषधं, कार्डं आणि पासपोर्ट. माणसासाठी ‘ही पास्ड अवे’.

पुढे विशेषण आलं की ‘गेट’ म्हणजे होणे. अंधार पडतोय, थंडी वाढतेय, प्रकृती सुधारतेय: ‘इट इज गेटिंग डार्क’, ‘गेटिंग कोल्डर’, ‘ही इज गेटिंग बेटर’. तुलनेची रूपं इथे विशेष शोभतात, कारण बदल हाच विषय असतो. पण हे ‘होणे’ नामाला चालत नाही. ‘तो डॉक्टर झाला’ म्हणजे ‘ही बिकेम अ डॉक्टर’. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हटलंत तर तो धावत जाऊन डॉक्टरला घेऊन आला असा अर्थ होईल. शिवाय काही वाईट बदल ‘गो’ने सांगितले जातात: दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’, दृष्टी गेली तर ‘ही वेंट ब्लाइंड’, टक्कल पडतंय तर ‘ही इज गोइंग बॉल्ड’. चाळीस वर्षं पूर्ण झाली तर ‘शी टर्न्ड फॉर्टी’.

‘सवय’च्या तीन वाक्यांत बरेच जण अडकतात, म्हणून ती जवळून बघू. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’, उकाड्याची सवय आहे. ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू द हीट’, सवय होत चाललीय. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नागपूर’, मी पूर्वी नागपुरात राहायचो. पहिल्या दोन वाक्यांत ‘टू’नंतर नाम किंवा ‘इंग’चं रूप येतं, तिसऱ्यात मूळ क्रियापद. म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली’ चूक आणि ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ बरोबर. चूक होते ती ‘टू’मुळे. शाळेत ‘टू’पुढे मूळ रूप असं ठसवलेलं असतं, पण इथला ‘टू’ क्रियापदाचा नसून शब्दयोगी अव्यय आहे, मराठीतल्या ‘उकाड्याची सवय’मधल्या ‘ची’चं काम करणारा.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की दोन शक्यता. पहिली कर्मणी: ‘ही गॉट फायर्ड’, ‘दे गॉट कॉट’, ‘माय वॉलेट गॉट स्टोलन’, ‘वी गॉट स्टक इन ट्रॅफिक’. ‘ही वॉज फायर्ड’ही बरोबरच आहे, मग फरक काय? ‘वॉज’ नोंद करतं, ‘गॉट’ घडलेलं अंगावर आल्यासारखं सांगतं. बहुधा नको असलेलं, अचानक झालेलं, आणि थोडंफार आपल्याच करणीनेही. ‘त्याला काढलं’ आणि ‘बसला ना नोकरी घालवून’ यांत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढं. म्हणूनच शांतपणे इतिहास सांगताना हा ‘गॉट’ विचित्र वाटतो. गेटवे ऑफ इंडिया ‘वॉज कम्प्लीटेड इन 1924’ असं लिहायचं. ‘गॉट कम्प्लीटेड’ लिहिलं तर कंत्राटदाराने वर्षानुवर्षं रखडवून शेवटी एकदाचं उरकलं, असा सूर लागतो.

या ‘गेट’चा प्रश्न आणि नकार ‘डू’ने होतो, कारण तो स्वतः पूर्ण क्रियापद आहे, सहाय्यक नाही. ‘डिड ही गेट फायर्ड?’, ‘ही डिडन्ट गेट फायर्ड.’ ‘डिडन्ट गॉट’ आणि ‘वॉज गॉट’ ही दोन रूपं चुकीची. ‘डिड’ आला की भूतकाळाचं काम झालं, मग ‘गेट’ मूळ रूपात परत येतो. आणि लग्न ‘गॉट मॅरिड टू’, ‘विथ’ नाही. ‘च्याशी’चं भाषांतर ‘विथ’ होतं म्हणून ही चूक इतकी चिवट आहे.

दुसरी शक्यता म्हणजे प्रयोजक, आपलं ‘करून घेणे’. इथे रचना नीट पाठ करायला हवी. वस्तू मध्ये असेल तर: गेट, वस्तू, तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट’, केस कापून घेतले. ‘गेट द कार सर्व्हिस्ड’, गाडी सर्व्हिसिंग करून घे. माणूस मध्ये असेल तर: गेट, माणूस, ‘टू’, मूळ रूप. ‘आय गॉट हिम टू साइन द फॉर्म’, त्याच्याकडून फॉर्मवर सही करून घेतली.

मराठी बोलणारा इथे दोन ठिकाणी घसरतो. मराठीत आपण ‘मी काल केस कापले’ म्हणतो आणि न्हाव्याकडे गेलो होतो हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्या हातात. घराला रंग दिला, दात काढला, चष्मा बदलला, सगळीकडे हेच. डॉक्टरकडून दात काढला असेल तर ‘आय गॉट अ टूथ पुल्ड’. ‘आय पुल्ड माय टूथ’ ऐकून समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. दुसरी घसरण ‘कडून’ची. ‘त्याच्याकडून काम करून घेतलं’चं ‘आय गॉट द वर्क डन फ्रॉम हिम’ होतं. ‘फ्रॉम’ नको. एक तर ‘आय गॉट हिम टू डू द वर्क’ म्हणा, किंवा कोणी केलं हे महत्त्वाचं नसेल तर नुसतं ‘आय गॉट द वर्क डन’.

‘मेक’ आणि ‘हॅव’ही हेच काम करतात, पण छटा निराळी. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे सही करायला भाग पाडलं. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे सांगितलं, त्याने केली, कामाचाच भाग होता. ‘आय गॉट हिम टू साइन’मध्ये थोडी मनधरणी, थोडा पाठपुरावा असतो, चार चकरा माराव्या लागल्या असतील तर हेच वाक्य. ‘मेक’ आणि ‘हॅव’नंतर ‘टू’ येत नाही, ‘गेट’नंतर येतोच.

आता एक जोडी, जी मराठी माणसाला फुकटात कळायला हवी. ‘आय गेट टू वर्क फ्रॉम होम’ म्हणजे घरून काम करायला मिळतं. ‘आय हॅव गॉट टू वर्क फ्रॉम होम’ म्हणजे घरून काम करावं लागतं. ‘करायला मिळतं’ आणि ‘करावं लागतं’ हा भेद मराठी इतक्या स्वच्छपणे करते की इथे खरं तर चूक व्हायलाच नको. होते ती ऐकताना, कारण बोलण्यात ‘हॅव गॉट टू’चं ‘व्ह’ गिळलं जातं आणि नुसतं ‘आय गॉटा गो’ उरतं. खूण अशी धरा: वर्तमानाबद्दल बोलणं चालू आहे आणि तरी ‘गॉट’ ऐकू आला, तर तो सक्तीचा. ‘वी गॉट टू सिट बाय द विंडो’सारखं घडून गेलेलं सांगणं असेल, तर तो संधीचा: खिडकीशी बसायला मिळालं.

नुसता ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणे. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ हे ब्रिटिश वळण, ‘डू यू हॅव अ पेन?’ हे अमेरिकन. दोन्ही बरोबर, पण एकाच प्रश्नात मिसळू नयेत. ‘डू यू हॅव गॉट’ असं काही नसतं. भूतकाळात हा ‘गॉट’ टाकून द्यायचा: गाडी होती म्हणजे ‘आय हॅड अ कार’. अमेरिकेत याशिवाय ‘गॉटन’ चालतो, आणि तो अडाणीपणा नाही. तिथे ‘आय हॅव गॉट’ म्हणजे आहे आणि ‘आय हॅव गॉटन’ म्हणजे मिळालंय किंवा झालंय, अशी सोय आहे: ‘इट हॅज गॉटन वर्स’, आणखी बिघडलंय. ‘गॉटन’ हे जुनंच रूप आहे. ब्रिटनच्या प्रमाण इंग्रजीतून ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ‘फरगॉटन’ मात्र दोन्हीकडे शाबूत आहे, आणि ‘फरगेट’ हा ‘गेट’च्याच घराण्यातला. मूळ ‘गेट’ आला तो उत्तर युरोपातल्या वायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून, ज्या वाटेने ‘टेक’, ‘एग’ आणि ‘स्काय’ आले त्याच वाटेने. अमेरिकेत वाढणारी नातवंडं ‘गॉटन’ म्हणतात म्हणून त्यांना टोकू नका. तुमच्या पाठांतरात ‘गेट, गॉट, गॉट’ होतं, त्यांच्यात ‘गेट, गॉट, गॉटन’ आहे, इतकंच.

पुढे दिशा किंवा ठिकाण आलं की ‘गेट’ म्हणजे हलणे, पोचणे. ‘हाउ डू आय गेट टू शिवाजीनगर?’ हे रस्ता विचारण्याचं सगळ्यात सरळ वाक्य आहे. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ नको: ‘आय गॉट होम ॲट टेन’. वाहनांचा नियम असा: जिथे उभं राहता किंवा चालता येतं, किंवा ज्यावर टांग टाकून बसता, तिथे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: बस, ट्रेन, विमान, सायकल, घोडा. जिथे वाकून आत शिरावं लागतं तिथे ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’: कार, टॅक्सी, रिक्षा. लोकलमध्ये पुढच्या माणसाला ‘दादर?’ एवढं विचारलं तरी भागतं. पण इंग्रजीत पूर्ण विचारायचं झालं तर ‘आर यू गेटिंग ऑफ ॲट दादर?’ ‘गेटिंग डाउन’ मुंबईत कळतं. लंडनच्या गाडीत ‘गेट डाउन!’ ओरडलात तर लोक खाली वाकतील. शिडीवरून, झाडावरून उतरायला मात्र ‘गेट डाउन’ ठीक.

उठण्याचीही एक गफलत. ‘वेक अप’ म्हणजे जाग येणे, ‘गेट अप’ म्हणजे अंथरूण सोडणे. सहाला ‘वोक अप’ आणि सातला ‘गॉट अप’ असं रविवारी बहुतेकांचं होतं. नाटकातला ‘गेटअप’ म्हणजे वेश, तो वेगळा आणि नाम आहे. मराठीत तो इतका रुळलाय की दोघांचं मूळ एक आहे हे जाणवतही नाही.

‘गेट’ला चिकटून येणाऱ्या जोड्या शेकड्यांनी आहेत. पाठ करण्याच्या फंदात पडू नका. ज्यांना मराठीत रोजचा शब्द आहे तेवढ्या आधी घ्या. पगारात कसंबसं भागवतो, ‘आय गेट बाय’. दोघांचं जमतं, ‘दे गेट अलाँग’. धक्क्यातून सावरली, ‘शी गॉट ओव्हर इट’. फोन लागला नाही, ‘आय कुडन्ट गेट थ्रू’. ते काम करायचंय पण हात लागत नाही, ‘आय हॅवन्ट गॉटन अराउंड टू इट’ (ब्रिटिश बोलणारा इथे ‘गॉट राउंड’ म्हणेल). चूक करून सहीसलामत सुटला, ‘ही गॉट अवे विथ इट’. तुला म्हणायचंय तरी काय, ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ यात शेवटचं वाक्य जरा कडक आहे, वरिष्ठांना विचारू नये.

ऑफिसपुरतं सांगायचं तर तीन जागी सावध राहा. ‘यू आर नॉट गेटिंग मी’ हे समोरच्याला मंद ठरवणारं वाक्य आहे. त्याऐवजी ‘लेट मी पुट इट अनदर वे’. स्वतःला कळलं नसेल तर ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’पेक्षा ‘सॉरी, आय डिडन्ट फॉलो दॅट’ म्हणणं बरं. आणि ‘रिव्हर्ट बॅक’ची आपल्याकडे चलती असली तरी ‘आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे’ जास्त साफ, शिवाय तारीख दिल्यामुळे खरं वाटतं.

लिहिताना किती वापरावा? सहकाऱ्याला मेल, मित्राला पत्र, चॅट: हवा तेवढा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात, अर्जात, अहवालात कमी. तिथे निरोप ‘रिसीव्ह’, परवाना ‘ऑब्टेन’, बदल ‘बिकम’, पोचणे ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’. मात्र यांत्रिकपणे बदलू नका. ‘आय ऑब्टेन्ड अ कोल्ड’ लिहिणारा विद्यार्थी ‘गेट’ टाळतो खरा, पण परीक्षक हसतो. ‘रीच’नंतर ‘टू’ नसतो, हेही त्याच वेळी तपासा: ‘वी रीच्ड नाशिक’.

सराव हवा असेल तर ही सहा वाक्यं आधी स्वतः करून पाहा: गाडीचं पंक्चर काढून घे. पावसात भिजलो. त्याला कसंबसं यायला तयार केलं. मला गच्चीत झोपायला मिळायचं. दिवस लहान होत चाललेत. त्यांचं जमत नाही.

उत्तरं: ‘गेट द पंक्चर फिक्स्ड.’ ‘आय गॉट वेट इन द रेन.’ ‘आय सम्हाउ गॉट हिम टू कम.’ ‘आय यूज्ड टू गेट टू स्लीप ऑन द टेरेस.’ ‘द डेज आर गेटिंग शॉर्टर.’ ‘दे डोन्ट गेट अलाँग.’ चौथ्यात बहुतेक जण ‘आय गॉट स्लीप ऑन द टेरेस’ लिहितात. तिथे ‘मिळायचं’मधला ‘यचं’ म्हणजे ‘यूज्ड टू’ आणि ‘झोपायला मिळणं’ म्हणजे ‘गेट टू स्लीप’, असे दोन तुकडे वेगळे करून पुन्हा लिहा.